कडू सालीतला गोडवा



'कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी ते कडू ते कडूच' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. माणसाचा स्वभाव बदलत नाही, हे सांगताना आपण ती सर्रास वापरतो. पण या म्हणीकडे जरा नीट पाहिले तर तिच्यात वरून गोड लावण्याची गोष्ट आहे, आतून पालटण्याची नाही. वरून लावलेल्या गोडाने आतला कडूपणा जात नाही, हे म्हणीचे म्हणणे खरेच आहे. पण कडू वस्तूच आतून पालटली तर काय होईल, याबद्दल ती काही बोलत नाही.

या आठवड्यात आम्ही एका नैतिक प्रश्नाचा विचार करणार आहोत. कडू गोष्ट गोड करून देणे योग्य की अयोग्य? आजारी मुलाला औषध मधातून चाटवणारी आई त्याला फसवते का? घरातल्या वृद्ध माणसाला त्याच्या आजाराचे नाव न सांगणारे नातेवाईक प्रेम करतात की खोटे बोलतात? आणि 'मी तोंडावर खरे बोलतो, मला साखरपेरणी जमत नाही' असे अभिमानाने सांगणारा माणूस खरोखरच सत्यनिष्ठ असतो का?

असे प्रश्न हवेत ठेवले की त्यांची उत्तरेही हवेतच राहतात. म्हणून एका प्रत्यक्ष पदार्थाचा आधार घेऊ. तो आहे कडू संत्र्याच्या सालीपासून बनवलेला, साखरेपेक्षा कित्येक पट गोड असा एक पदार्थ. त्याचे नाव लांबलचक आहे: निओहेस्पेरिडिन डायहायड्रोचाल्कोन. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात एनएचडीसी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

नारंगाचा प्रवास

लिंबू, संत्रे, पपनस ही सगळी फळे एकाच कुळातली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि चीनचा युनान प्रांत या पट्ट्यात असावे. तिथून ही झाडे जगभर पसरली. आपला 'नारंग' हा शब्दही त्यांच्याबरोबर फिरला. फारसीतून तो अरबीत गेला, अरबीतून स्पॅनिशमध्ये, आणि पुढे इंग्रजीतला 'ऑरेंज' त्यातूनच झाला.

अरबांनी दहाव्या शतकाच्या सुमारास स्पेनमध्ये जे संत्रे नेले ते गोड नव्हते, कडू-आंबट होते. आजही सेव्हिल शहराच्या रस्त्यांच्या कडेला या कडू संत्र्याची हजारो झाडे आहेत. फळे दिसायला सुंदर, फुलांचा वास मोहक, पण ते फळ सोलून कोणी खात नाही. त्याचा मुरंबा मात्र प्रसिद्ध आहे आणि त्यासाठी ही फळे ब्रिटनमध्ये पाठवली जातात.

हा कडूपणा येतो कुठून? कडू संत्र्यात निओहेस्पेरिडिन नावाचा पदार्थ असतो. पपनस सोलताना सालीखालचा पांढरा पापुद्रा जिभेला लागला की तोंड कडू होते, ते नॅरिंजिन नावाच्या त्याच जातीच्या पदार्थामुळे. 'नॅरिंजिन' या नावातही आपला 'नारंग' आहेच.

यातली एक बाब आम्हाला फार विचार करायला लावणारी वाटते. गोड संत्र्यात हेस्पेरिडिन नावाचा पदार्थ असतो आणि कडू संत्र्यात निओहेस्पेरिडिन. दोन्ही जवळजवळ सारखेच. दोघांनाही ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज या त्याच दोन शर्करा जोडलेल्या असतात. फरक एवढाच, की या दोन शर्करा एकमेकींना कोणत्या जागी जोडल्या आहेत. एका जागी जोडल्या तर पदार्थ बेचव लागतो, दुसऱ्या जागी जोडल्या तर कडू. घटक तेच, वजन तेच, जोड वेगळी. हा मुद्दा ध्यानात ठेवू. पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

कडूपणाचा शोध घेताना

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील पॅसाडेना येथे तिथल्या कृषी खात्याची फळे व भाजीपाला यांच्या रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. संत्र्या-मोसंब्यांच्या वर्गातील फळांचा रस कडू का होतो आणि तो कडूपणा कमी कसा करता येईल, यावर तिथे काम चालू होते. रॉबर्ट होरोविट्झ आणि ब्रुनो जेंटिली हे दोघे शास्त्रज्ञ कडू पदार्थांच्या रचनेचा अभ्यास करत होते. पदार्थाची रचना थोडी बदलली तर चव कशी बदलते, हे ते पाहत होते. या अभ्यासात त्यांच्या हाती एनएचडीसी आले आणि १९६३ साली त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. ते गोड पदार्थाच्या शोधात निघाले नव्हते. ते कडूपणाचा पिच्छा पुरवत होते आणि त्या वाटेवर त्यांना गोडवा भेटला.

कृती सांगायला सोपी आहे. निओहेस्पेरिडिन पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलीत ठेवतात. त्यामुळे त्याच्या रेणूतील एक बंद कडे उघडते. मग उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याला हायड्रोजन जोडतात. एवढे केले की पराकोटीचा कडू पदार्थ पराकोटीचा गोड होतो. पपनस आणि ग्रेपफ्रूट यांच्यातील नॅरिंजिनपासूनही थोड्या लांबच्या वाटेने हाच पदार्थ बनवता येतो.

इथे कोणी कडूवर साखर पेरली नाही. कारले साखरेत घोळले नाही. जे कडू होते तेच उघडले, त्यात भर पडली आणि ते पालटले. आपली म्हण जिथे थांबते तिथून पुढची ही गोष्ट आहे.

गुण आणि उपयोग

एनएचडीसी किती गोड आहे? अगदी सौम्य द्रावणात, म्हणजे गोडी जेमतेम जाणवेल अशा प्रमाणात, ते साखरेच्या सुमारे १५०० ते १८०० पट गोड भरते. प्रत्यक्ष पेयात लागते तेवढी गोडी हवी असेल तर मात्र ते वजनाला वजन सुमारे ३४० पट ठरते. मात्रा वाढवत गेले तरी गोडवा त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून हे दोन आकडे.

त्याची गोडी साखरेसारखी लगेच येत नाही. ती सावकाश येते आणि बराच वेळ रेंगाळते. मागाहून ज्येष्ठमधाची आठवण करून देणारी चव आणि थोडा थंडावा जिभेवर राहतो. म्हणूनच एकटे एनएचडीसी घालून सहसा कोणी सरबत करत नाही. इतर गोड द्रव्यांच्या जोडीला ते अल्प प्रमाणात घालतात. जोडीने वापरले की दोघांची मिळून गोडी अपेक्षेपेक्षा जास्त होते, आणि दोन्ही द्रव्ये कमी लागतात. ते उष्णता चांगली सहन करते आणि आंबट पेयातही टिकते. ते दातही किडवत नाही.

पण त्याचे खरे मोल दुसरीकडे आहे. ते कडूपणा झाकते. एका लिटरात ४-५ मिलिग्रॅम, म्हणजे स्वतःची गोडी कळणारही नाही इतके थोडे घातले तरी ते चवीचा कडवट काठ बोथट करते आणि चव भरल्यासारखी वाटते. फळांच्या रसातील कडसरपणा, पॅरासिटामॉलसारख्या औषधाचा कडूपणा, इतर कृत्रिम गोड द्रव्यांची मागून येणारी कडवट चव हे सारे त्यामुळे सुसह्य होते. आईचे दूध तुटलेल्या डुकराच्या पिलांनी नवे खाद्य खावे म्हणून पशुखाद्यातही ते घालतात.

युरोपीय संघाने १९९४ साली त्याला खाद्यपदार्थांतील गोड द्रव्य म्हणून मान्यता दिली. तिथल्या पाकिटांवर ते ई ९५९ या क्रमांकाने छापलेले असते. २०२२ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची फेरतपासणी केली. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २० मिलिग्रॅमपर्यंत ते सुरक्षित आहे, असा निर्वाळा तिने दिला. साठ किलो वजनाच्या माणसाला ही मर्यादा १२०० मिलिग्रॅमची होते. प्रत्यक्षात कोणाच्याही पोटात त्याच्या जवळपासही जात नाही.

तेव्हा शरीराला अपाय होतो का, हा आपला प्रश्न नाही. त्याचे उत्तर तज्ज्ञांनी दिलेले आहे. आपला प्रश्न आहे तो झाकण्याचा.

जिभेवरचा पहारेकरी

कडू चव माणसाला जन्मजात नकोशी असते. तान्ह्या बाळाच्या ओठाला कडू लागले तर ते तोंड वाकडे करते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते. निसर्गातील पुष्कळ विषारी वनस्पती कडू असतात. त्यामुळे जीभ हा दारावरचा पहारेकरी आहे आणि कडूपणा ही त्याची हाक आहे, असे म्हणायला हरकत नाही. मग या पहारेकऱ्याचे तोंड बंद करणे योग्य आहे का?

ही शंका किरकोळ नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलमाइड या गुणकारी औषधाचे पातळ रूप बाजारात आले. गोळ्या गिळायला नको म्हणणाऱ्या रुग्णांसाठी, विशेषतः मुलांसाठी, ते केले होते. औषध विरघळवायला जे द्रव्य वापरले ते डायइथिलीन ग्लायकॉल. ते चवीला गोड असते. त्यात रासबेरीचा स्वाद घातला. उत्पादकाने चव पाहिली, वास पाहिला, रंग पाहिला. ते विषारी आहे की नाही, हे मात्र तपासले नाही. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत कितीतरी मुले होती. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचे दाखवून देण्याची सक्ती करणारा कायदा अमेरिकेत झाला.

ही घटना आपल्यापासून दूर नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली मध्य प्रदेशात मुले दगावली तेव्हाही त्यांच्या खोकल्याच्या औषधात हेच विष सापडले. गोड चवीच्या आड काय आहे, हे जिभेला कळत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी प्रामाणिकपणे तपासावे लागते.

याच्या नेमकी उलट गोष्टही घडलेली आहे. १९५८ साली स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे बधिरतेच्या औषधांवर संशोधन चालू असताना डेनाटोनियम नावाचा पदार्थ सापडला. आजवर माहीत असलेल्या पदार्थांत तो सर्वांत कडू समजला जातो. त्याचा उपयोग काय? गाड्यांच्या इंजिनात घालण्याचे गोठणरोधक द्रव चवीला गोड असते आणि जीवघेणेही. लहान मुलांनी आणि मुक्या जनावरांनी ते पिऊ नये म्हणून काही देशांत त्यात हा कडू पदार्थ मुद्दाम मिसळतात.

तेव्हा एका प्रयोगशाळेने कडूपणा काढायला मदत केली आणि दुसरीने कडूपणा घालायला. दोन्ही ठिकाणी माणसाचे भले व्हावे हाच हेतू. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गोड म्हणजे चांगले आणि कडू म्हणजे वाईट असे समीकरण नाही. तसेच कडू म्हणजे खरे आणि गोड म्हणजे खोटे असेही नाही. चव ही नैतिक गोष्ट नाही. चवीच्या आड काय ठेवले आहे आणि ते कोणासाठी ठेवले आहे, ही नैतिक गोष्ट आहे.

तीन कसोट्या

मग गोड करून देणे कधी योग्य? आमच्या मते तीन प्रश्न विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न: गोडाच्या आत जे आहे ते हितकारक आहे का? तापलेल्या मुलाच्या औषधाचा कडूपणा झाकला तर आत औषध आहे. त्याचा ताप उतरणार आहे. पण नासलेल्या फळांचा रस गोड करून विकला तर आत नासकेपणाच आहे. झाकणारा पदार्थ एकच, पण पहिली कृती सेवा आहे आणि दुसरी चोरी.

दुसरा प्रश्न: फायदा कोणाचा? घेणाऱ्याचा की देणाऱ्याचा? आपण एखाद्याला वाईट बातमी गोड शब्दांत सांगतो तेव्हा त्याला ती पेलावी म्हणून सांगतो, की त्याच्या रडण्याला सामोरे जायचे आपल्याला धैर्य नाही म्हणून? दोन्ही वेळा शब्द सारखेच असू शकतात. फरक फक्त आपल्याला ठाऊक असतो.

तिसरा प्रश्न, आणि तो सगळ्यांत कठीण: समोरच्याला उद्या सारे कळले, तर तो 'बरे केलेस' म्हणेल का? पाकिटावर ई ९५९ असे छापलेले असते तेव्हा उत्पादक लपवत नाही. वाचणाऱ्याला वाचता येते. मधातून औषध घेतलेला मुलगा मोठा झाल्यावर आईवर रागावत नाही. उलट, आपल्या मुलालाही तसेच औषध देतो. पण मुलाचा किंवा मुलीचा जुना आजार लपवून ठरवलेले लग्न? 'मुलगा परदेशात नोकरीला आहे' या गोड वाक्याआड दडवलेले कर्ज? दोन महिन्यांनी सत्य बाहेर येते आणि त्या दिवशी सून किंवा जावई 'बरे केलेत' म्हणत नाही. तिथे साखर पेरली होती ती आपल्या सोयीसाठी.

आता सुरुवातीला विचारलेला वृद्ध आईवडिलांचा प्रश्न घेऊ. डॉक्टर अहवाल मुलाच्या हाती देतात आणि घरात बैठक बसते. 'बाबांना सांगायचे नाही, ते खचतील.' सगळे मान डोलावतात. बाबांना सांगितले जाते की पोटात थोडी सूज आहे, औषधाने बरे वाटेल. हे बहुतेक वेळा प्रेमापोटीच केले जाते आणि आम्ही त्या प्रेमाला नावे ठेवत नाही. पण तिसरी कसोटी इथे लावून पाहा. त्या माणसाला कदाचित दुरावलेल्या भावाशी बोलायचे असेल. वाडीचे कागद नीट करायचे असतील. फादरांना बोलावून शांतपणे पापनिवेदन करायचे असेल. आपण त्याच्या कानावरून सत्य दूर ठेवले तर हे सारे करण्याचे त्याचे दिवसही आपण काढून घेतले. ते दिवस त्याचे होते, आपले नव्हते.

याचा अर्थ अहवाल त्याच्यासमोर टाकून मोकळे व्हावे असा नाही. औषध कडू आहे म्हणून ते ओतून देणे जसे चूक, तसेच ते नाक दाबून घशात ओतणेही चूक. त्याला बसवावे, हात धरावा, तो किती विचारतो ते पाहावे, विचारील तेवढे खरे सांगावे, आणि थांबावे. दुसऱ्या दिवशी तो आणखी विचारील. एनएचडीसीचा गोडवा सावकाश येतो आणि रेंगाळतो, असे आपण पाहिले. सत्य सांगणाऱ्याचे प्रेमही तसेच असावे. पहिल्या क्षणी ते जाणवणार नाही, पण सांगून झाल्यावर आपण उठून निघून गेलो नाही, हे त्या माणसाला पुढे बराच काळ जाणवत राहील.

जोड कोणत्या जागी?

आता 'मी तोंडावर खरे बोलतो' म्हणणाऱ्या माणसाकडे येऊ. असा माणूस प्रत्येक धर्मग्रामात असतो आणि त्याची गरजही असते. सगळेच गोड बोलू लागले तर चुका कोण दाखवणार? हिशेबातली चूक, रस्त्याच्या कामातली गफलत, व्यसनी तरुणाचे घसरणे, ही माणसे बोलतात म्हणून उघडकीस येते. त्यांना गप्प करणे म्हणजे पहारेकऱ्याला हाकलणे होय.

पण सेव्हिलच्या संत्र्याकडून त्यांनी आणि आपण सर्वांनी एक गोष्ट शिकावी. त्याच दोन शर्करा एका जागी जोडल्या तर कडूपणा येतो, दुसऱ्या जागी जोडल्या तर येत नाही. सत्याचेही असेच आहे. तेच वाक्य लग्नाच्या मांडवात पाच माणसांसमोर बोलले तर आयुष्यभराचे वैर होते. तेच वाक्य संध्याकाळी एकट्याला गाठून, त्याच्या ओटीवर बसून बोलले तर तो कदाचित डोळे पुसतो. शब्द एकही बदललेला नाही. सत्य एका कणाने कमी झालेले नाही. जोडण्याची जागा बदलली. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने हाच क्रम सांगितला आहे: भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांगावे, माणसे जमवण्याची पायरी नंतरची.

तेव्हा सत्य गोड करण्यासाठी त्यात खोटे मिसळावे लागते, हा समज चुकीचा आहे. आणि सत्य आहे म्हणून ते कडूच लागले पाहिजे, हा समजही तितकाच चुकीचा आहे. पुष्कळदा कडूपणा सत्यातला नसतोच. आपण ते सांगण्यासाठी निवडलेल्या जागेचा, वेळेचा आणि आपल्या मनातल्या जुन्या रागाचा असतो.

गोड झाले, पण भूक?

आणखी एका बाजूचा विचार केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आपल्या घरोघरी मधुमेह आहे. साखरेऐवजी दुसरे गोड द्रव्य वापरणे ही अनेकांची गरज आहे आणि ते डॉक्टरांना विचारून वापरावे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली एक मार्गदर्शक सूचना दिली आहे. वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून साखरेविना गोड करणाऱ्या द्रव्यांवर विसंबू नये, असे तिचे सांगणे आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ही सूचना नाही, हेही तिने स्पष्ट केले आहे. एकूण आहारातील गोडाची सवयच कमी करावी, हा त्यामागचा विचार.

यातही एक नैतिक धडा आहे असे आम्हाला वाटते. बदली गोडाने जीभ शांत होते, पण गोडाची हाव तशीच राहते. माणसांच्या संबंधांतही आपण असे बदली गोड वापरतो. आईला भेटायला वेळ नाही म्हणून वाढदिवसाला मोठा केक पाठवतो. भावाशी अबोला आहे, पण सणाला शुभेच्छांचा निरोप मात्र जातो. त्यात वाईट काहीच नाही. फक्त त्याने पोट भरत नाही, हे ओळखावे. एनएचडीसी हे साखरेचे काम करते, भाकरीचे करत नाही.

आणि आपल्याकडील एक सवय तर आपण सोडायलाच हवी. मधुमेह असलेल्या पाहुण्याला 'एक लाडू खाल्ला तर काही होत नाही, माझी शपथ आहे' असा आग्रह करणे. त्या माणसाने रोज कष्टाने पाळलेले पथ्य आपण आपल्या आदरातिथ्याच्या समाधानासाठी मोडतो. दुसरी कसोटी इथे लावा, फायदा कोणाचा झाला ते लगेच कळेल.

मारा येथील पाणी

पवित्र शास्त्राला हा प्रश्न नवा नाही. यशया संदेष्टा कडूला गोड आणि गोडाला कडू म्हणणाऱ्यांचा धिक्कार करतो. वाइटाला चांगले म्हणून खपवणारी साखरपेरणी त्याच्या डोळ्यांसमोर आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात योहान एक गुंडाळी खातो. ती तोंडात मधासारखी गोड लागते आणि पोटात गेल्यावर कडू होते. देवाचे वचन ऐकायला गोड आणि जगायला अवघड, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

पण या विषयाला सर्वांत जवळची कथा निर्गमाच्या पंधराव्या अध्यायातील आहे. तीन दिवस पाण्यावाचून चाललेले लोक मारा येथे पोहोचतात. तिथे पाणी आहे, पण कडू, पिता येत नाही. लोक मोशेविरुद्ध कुरकुर करतात. परमेश्वर मोशेला एक झाड दाखवतो. ते पाण्यात टाकल्यावर पाणी गोड होते. इथे देवाने लोकांना असे सांगितले नाही की डोळे मिटा आणि हे गोड आहे असे समजा. त्यांच्या जिभेवर दुसरी चव ठेवली नाही. त्यांना दुसऱ्या झऱ्याकडेही नेले नाही. जे पाणी कडू होते तेच पालटले, आणि तहानलेल्यांची तहान त्याच पाण्याने भागली.

म्हणून झाकणे आणि पालटणे यांत निवड करायची वेळ आली, तर जिथे शक्य असेल तिथे पालटण्याची वाट धरावी. औषधाचा कडूपणा पालटता येत नाही, तो झाकावा. मृत्यूची बातमी पालटता येत नाही, ती मायेने सांगावी. पण आपल्या मनातील कडवटपणा, शेजाऱ्याशी बांधाच्या हद्दीवरून धरलेला डूख, सासू-सुनेतील वर्षानुवर्षांची अढी, यांवर सणासुदीला साखर पेरून भागत नाही. तिथे म्हण खरी ठरते, कडू ते कडूच राहते. तिथे बंद कडे उघडावे लागते. क्षमा मागावी लागते किंवा द्यावी लागते. ते काम तीव्र असते, जळजळीत असते. निओहेस्पेरिडिनसुद्धा तीव्र अल्कलीतून गेल्याशिवाय गोड झाले नाही.

या आठवड्यासाठी आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो. मुलांची गोड औषधे कडीकुलपात ठेवा. ती चॉकलेट नव्हेत, औषधे आहेत, हे मुलांना सांगा. बाजारातून आणलेल्या गोड वस्तूचे पाकीट एकदा वाचून पाहा. आणि घरात एखादी गोष्ट कोणापासून तरी लपवली जात असेल, तर वरचे तीन प्रश्न मनाशी विचारा. उत्तर सांगायचे असे आले, तर कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी सांगायचे तेही ठरवा, आणि सांगून झाल्यावर त्या माणसाजवळ थोडा वेळ बसा.